धाकूआबांचा दम

फार फार वर्षांपूर्वी, गलबतं शिडांवर चालायची तेव्हा, कातळबंदर गावात धाकू मयेकर नावाचा हुतूतू खेळणारा होऊन गेला. एकदा चढाईला गेला की त्याचा दम सुटतच नसे. "हुतूतू, हुतूतू" करत तो पलीकडच्या सगळ्यांना शिवून यायचा आणि परतल्यावर पाणीसुद्धा मागायचा नाही. असं म्हणतात, त्याची एक चढाई संपेपर्यंत घरोघरी भात शिजून उतरायचा.

खलाशांनी ही गोष्ट मस्कतला नेली, तिथून ती झांजीबारला गेली. खलाशीच ते, जातील तिथे थोडं तिखटमीठ लावणारच! झांजीबारात तर म्हणे लोक त्याचं नाव घेऊन पाण्यात बुडी मारत. धाकूनं मात्र कधी गावची खाडीही ओलांडली नव्हती.

वर्षं गेली. धाकूचा धाकूआबा झाला, छातीत खोकला घर करून बसला. आणि नेमकं तेव्हाच झांजीबारहून एक गलबत आलं. त्यावरचे खलाशी हुतूतू शिकले होते. म्हणाले, आबांची एक चढाई बघायची, मगच परत जायचं.

आबांची बायको सोनाई घाबरली. "कित्याक जातास? मधीच दम सुटलो तर सगळ्या जगात हसा होतला."

"अगो, इतक्या लांबसून माका बघूक इले हत," आबा म्हणाले. "घरात लपान कसा बसू?"

समुद्रकाठच्या पुळणीवर सगळं गाव लोटलं. आबा मधली रेघ ओलांडून थेट पाहुण्यांच्या शेवटच्या रेघेशी पोचले आणि तिथेच खोकल्याची उबळ आली. दम सुटला. आता कुणी धरलं की आबा बाद, आणि इतक्या वर्षांचं नाव समुद्रात. बिचारे गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सोनाईचा आवाज आला, "हुतूतू, हुतूतू." नवऱ्याचा सुटलेला दम तिनं उचलला. मग सगळ्या बायकांनी धरला, होड्यांवरच्यांनी धरला, शेवटी समोरच्या पाहुण्यांनीही धरला आणि बाजूला होऊन वाट दिली. असं म्हणतात, आबा मधल्या रेघेपर्यंत परत येईतो भरतीची लाट किनाऱ्याशी तशीच उभी राहिली.

आजही कातळबंदरात सामन्याची पहिली चढाई गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची असते, बाई असो की बाप्या. ते माणूस गप्प चालतं, दम गाव धरतं. कधी काठी टेकत, कधी सुनेचा हात धरून. वेळ लागतो, पण कुणी चुळबुळ करत नाही. परक्या गावच्या पोरांनी विचारलं, हे काय चाललंय, तर कातळबंदरची माणसं सांगतात, "आबांका घराक पोचवतव."