मठातला पेट्रोलचा स्टोव्ह

"पण महाराज, आता यात आणखी करायचं तरी काय राहिलंय?"

विश्रामने स्टोव्ह सोमगिरी महाराजांपुढे ठेवला. जुना, पितळी, पेट्रोलवर चालणारा. इंग्रजांच्या काळात जंगलखात्याचा कुणी साहेब डोंगरावर तंबू ठोकून राहिला होता. जाताना तो स्टोव्ह मठात सोडून गेला. तेव्हापासून तो अडगळीत पडला होता.

महाराजांनी स्टोव्ह हातात घेतला. लख्ख होता. त्यात स्वतःची दाढी दिसली तसे ते हसले.

"पेटतो?"

"...नाही."

विश्राम मठातला तरुण शिष्य, तसा गुणी गडी. गळा गोड, पाठांतर चोख, फक्त मान जरा जास्तच ताठ. दत्तजयंतीच्या उत्सवात प्रवचनाला आपणच बसायचं, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. उठता-बसता विचारून त्याने महाराजांना भंडावून सोडलं, तेव्हा ते म्हणाले होते, "अडगळीतला स्टोव्ह चालू कर. मग बोलू."

विश्रामने जीव तोडून काम केलं. गंज काढला. पंपातलं वाळून कडक झालेलं चामडं गोडेतेलात भिजवून मऊ केलं. टाकीची गळती थांबवली. इथवर सगळं ठीक होतं. मग मठातल्या समया घासतात तसा त्याने अख्खा स्टोव्ह चिंच आणि राखेने घासायला घेतला. रोज घासायचा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा.

"पेट्रोल भरलंय, हवा मारतोय, बर्नर आधी तापवून घेतोय. तरी वर काही येतच नाही." त्याचा आवाज रडवेला झाला. उत्सव तोंडावर आला होता.

महाराजांनी बर्नरची इवलीशी तोटी फिरवून काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"डोळ्याला लाव. उन्हाकडे बघ."

विश्रामने पाहिलं.

"ऊन दिसतंय?"

"नाही."

"मग काय दिसतंय?"

विश्रामने तोटी बोटांत फिरवून पुन्हा डोळ्याला लावली.

"राख."

"कुणी घातली?"

विश्रामची मान खाली गेली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो धडपडत सुई आणायला उठला.

"सुई नको. भोक मोठं होईल, मग नुसता भडकेल." महाराजांनी कुंच्याचा एक ताठ केस उपटून त्याच्या हातात दिला.

तो तोटी घेऊन पायरीवर बसला. तिथे एक म्हातारी येऊन टेकली होती. दर्शनासाठी पहाटेच डोंगर चढायला लागलेली, थंडीने गारठलेली.

"घोटभर च्या मिळंल का रं, बाबा?"

मठातली मंडळी लाकडं आणायला खाली गेली होती. चूल थंड होती.

"थांब आजी. आत्ता पेटतोय बघ."

तोटी साफ झाली. त्याने ती बसवली, बर्नर तापवला, हवा मारली, काडी ओढली. आधी पिवळा भडका उठला. मग फुरफुरत निळी ज्योत उभी राहिली.

विश्रामला आनंद आवरेना.

"महाराज, कळलं! टाकी म्हणजे देह. आत कोंडलेली हवा म्हणजे प्राण. ही तोटी म्हणजे चित्त, आणि तिच्यात साचलेली राख म्हणजे माझा अहंकार! तो गेला की ज्योत आपसूक..."

बोलता बोलता तो रंगात आला. हात वर गेले, आवाज चढला. मध्येच त्याने जागच्या जागी एक ओवी रचून गायली. कुणाला खोटं वाटेल, पण प्रवचन खरोखरच उत्तम होतं.

म्हातारी पदर घट्ट लपेटून ज्योतीकडे बघत होती.

विश्राम थांबला. धाप लागली होती. डोळ्यांत पाणी होतं.

"महाराज, आता तरी उत्सवात मी बसू ना प्रवचनाला?"

महाराजांनी ज्योतीकडे पाहिलं... मग म्हातारीकडे.

"विश्राम, आधण ठेवायचं राहिलं रे."