दोन मडकी, तोंडाला तोंड

“सापडलेलं मडकं पोरगी उघडतच नसेल, तर तिला उत्खनन शिकवायचं कसं, तात्या?”

लंघे सरांनी ओट्यावर बसायच्या आधीच प्रश्न टाकला.

कोंडाजीतात्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. नदीकाठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर उत्खनन चालायचं तेव्हा त्यांनी एकतीस हिवाळे तिथं काढले. आधी पाट्या वाहिल्या, मग हातात ब्रश आला. शाळा दुसरीपर्यंत. सर पुरातत्त्वाचे एम.ए., तेही पहिल्या वर्गात. हे त्यांनी गावाला दोनदा सांगितलं होतं आणि गावानं दोन्ही वेळा ऐकून घेतलं होतं.

“काय झालं त्ये नीट सांगा,” तात्या म्हणाले.

सरांनी सांगितलं. शाळेमागं त्यांनी एक खड्डा तयार केला होता. सुतळीनं चौकोन आखले, मातीत खापरं, दगडाची पाती, बैलाचं हाड पुरलं. तिसरीची पोरं रंगाचे ब्रश घेऊन उकिडवी बसली आणि हरखून गेली. एका चौकोनात तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी होती. तीन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं आपलं दगावलेलं तान्हं मूल असंच मडक्यांत ठेवून घरातल्याच जमिनीखाली पुरायची. सरांनी आत चिंध्यांची बाहुली ठेवली होती.

तो चौकोन कार्तिकीच्या वाट्याला आला. मडकी तिनं सुरेख मोकळी केली. आत काय असतं ते सरांनी सांगितलं... आणि तिनं माती परत लोटली.

“उघड म्हटलं, उघडेना. शेवटी मीच उघडलं. बाहुली काढून वर्गाला दाखवली. चार दिवस झाले, पोरगी शाळेत नाही. घरी गेलो, तर आईनं दार लोटून घेतलं. माझं काय चुकलं?”

“तिच्या घरात आखाडापातुर पाळणा हालत व्हता,” तात्या म्हणाले. “ठावं हाय?”

सरांना ठाऊक नव्हतं.

तात्यांनी पुढची शेंग फोडली.

“मी तिला सांगतो,” सर हळूच म्हणाले, “की ती नुसती बाहुली होती.”

“त्ये तिला ठावं हाय.”

“तात्या, तुम्ही तर खरी मडकी उघडलीत. कशी उघडलीत?”

तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दोन्ही हातांनी ताणून धरला, खाली सावली पडेल असा.

“ऊन व्हतं,” ते म्हणाले. “फोटूवालं सायेब वरडायचं, सावली पडतीया म्हणून.”

सर उठले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी सर खड्ड्यात उतरले. तात्या काठावर बसले होते. सरांनी बाहुली परत मडक्यात ठेवली आणि तोंडाला तोंड लावून मडकी आडवी केली, पुस्तकात दाखवली होती तशीच.

कुंपणापाशी कार्तिकी आईचं बोट धरून उभी होती. तात्यांनी त्यांना सांगावा धाडला होता. कार्तिकीनं बोट सोडलं आणि ती खड्ड्यात उतरली.

“आसं न्हाई, सर. डोकं हिकडं.”

“का गं?”

“तिकडं घराचं दार आसंल. वारं लागतंय.”

सरांचा हात सवयीनं खिशातल्या वहीकडं गेला आणि तिथंच राहिला. त्यांनी मडकी फिरवली.

“चुकलं गं माझं,” ते म्हणाले.

कार्तिकीनं मूठभर माती घेतली आणि सरांसाठी थांबून राहिली. आई कुंपणाच्या आत आली होती.

सरांनी ओंजळ भरली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. काठाकडं बघून त्यांनी विचारलं,

“तात्या... माती किती घालू?”

“थंडीत लेकरावर वाकळ घालतो, तेवढी.”