कळांच्या आधीची सुईण

सुईणीने कळांच्या आधी उंबरा ओलांडायचा नाही. का, ते विचारायचं नाही.

फार फार पूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात हा नियम होता. कुणी केला? ठाऊक नाही. कधी केला? तेही ठाऊक नाही. पण सुईण आधी आली तर पोटातल्या जिवाला दृष्ट लागते, हे मात्र पारावरच्या प्रत्येक म्हाताऱ्याला पक्कं ठाऊक होतं. त्यांतला एकही कधी बाळंत झालेला नव्हता, हे वेगळं सांगायला नकोच.

त्या गावात एका दूधदुभत्याच्या घरी सगुणा नावाची धाकटी सून होती. तिच्या थोरल्या जावेला कळा सुरू झाल्या, तेव्हा नियमाप्रमाणे सुईणीला बोलावणं गेलं. मुलगी सुखरूप झाली, पण आईचं रक्त थांबेना. सुईणीने तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि कपाळाला हात लावून ती सगुणाला म्हणाली,

"पांढरीफटक! हिच्या अंगात आधीच रक्त नव्हतं. वेळेवर दाखवली असती, तर भरून काढलं असतं गं."

जाऊ गेली. पारावर ठरलं, की सुईणीचा पायगुणच वाईट.

पुढे सगुणाला दिवस गेले. त्याच सुमारास घरची म्हैसही गाभण राहिली. जाणता गुराखी दर आठवड्याला गोठ्यात यायचा, म्हशीच्या पोटावरून हात फिरवायचा, चाऱ्याबरोबरच्या आंबोणात काय घातलं ते विचारायचा.

"मामंजी," सगुणा सासऱ्यांना म्हणाली, "म्हशीसाठी जाणता माणूस इतका आधीपासून, आणि माझ्यासाठी कळा आल्यावरच का?"

"म्हशीची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी?"

"वेगळी म्हणजे वेगळी!"

आतून सासूबाई कडाडल्या, "आमची नाही झाली का बाळंतपणं? मोठी शहाणी आलीय!"

"तुमची झाली, आत्याबाई. आणि जाऊबाईंचं?"

सासूबाई पुन्हा चुलीकडे वळल्या. नियमही हलला नाही. मग सगुणाच हलली. नियम सुईणीच्या पायांना होता, सुनेच्या पायांबद्दल त्यात काहीच नव्हतं. ती भरदुपारी, पारासमोरून, मान वर करून सुईणीच्या घरी गेली.

सुईणीने आधी पाणी दिलं. मग विचारलं, "झोप लागते का? भीती वाटते का?"

सगुणाला रडूच फुटलं. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सुईणीने पापणी पाहिली. तीही फिकी.

"जेवतेस कधी?"

"सगळ्यांच्या मागून. उरलं तर."

"दुभत्या घरची सून आणि उपाशी! आता आधी जेवायचं. नाचणी, शेवग्याचा पाला, तीळ, गूळ. आणि मधूनमधून येत राहा. तुझं अंग माझ्या हाताच्या ओळखीचं झालं पाहिजे. काही माझ्या आवाक्याबाहेरचं दिसलं, तर वेळेत वैद्याकडे नेता येईल."

त्या दिवशी सगुणा सगळ्यांच्या आधी पानावर बसली. सासूबाईंनी भांडी आपटली. सगुणा जेवली. दुसऱ्या दिवशी भांडी पुन्हा आपटली. सगुणा पुन्हा जेवली.

कळा आल्या तेव्हा दारात आलेली सुईण परकी नव्हती. तिने आरडाओरडा करणाऱ्यांना बाहेर काढलं, सगुणाची कंबर चोळली, तिला हवं तसं फिरू दिलं, घाई केली नाही. सगुणाची पापणी आता लालसर होती. मुलगी झाली आणि आईचं रक्तही वेळेत थांबलं.

बारशाला पारावरची मंडळी आली. घुगऱ्यांचा बकाणा भरत त्यांतले थोरले म्हणाले, "देवाची कृपा! पण पोरी, नियम मोडलास. कुलदेवतेपुढे नाक घास आणि पुन्हा करणार नाही म्हण."

जावेची पोर सगुणाचा पदर धरून उभी होती. सगुणाने तिला पुढे केलं.

"हिच्या आईने नियम पाळला होता. आधी हिच्यापुढे तुम्ही नाक घासा. मी नाही घासणार. आणि या घरात पुन्हा कुणाला दिवस गेले, तर सुईण कळांच्या आधी येईल. पुढच्या दाराने येईल."

पोर एकेका म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. घुगऱ्या तोंडात तशाच राहिल्या.

तात्पर्य: गरोदर बाईचा हात सुईणीच्या हाती आधीच द्यावा, कळांची वाट पाहायला लावणारा नियम मरणालाच वाट करून देतो.