औषधाचा शर्ट

“…आणि मी काय कमी केलंय, आप्पा? मग माझ्याच घरात का टिकंना?”

शिवगोंडाचा आवाज मठाच्या ओसरीवर जरा मोठाच घुमला. स्वतःच्याच आवाजानं दचकून तो गप्प झाला.

बसय्या आप्पा मठाचे स्वामी. त्या वेळी ते तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“बायकोला कितवा म्हैना?”

“तिसरा लागलाय. याआधी दोनदा… दोन्ही वेळा तिसऱ्यातच गेलं.”

आप्पांनी त्याला जवळ बसायची खूण केली.

“आई म्हणती, महानंदाच्याच कुशीत खोट हाय. मी तसं म्हणत न्हाई. पण…”

“पण?”

“पण मनात येतं.”

एवढं खरं बोलला म्हणून आप्पांना तो आवडला. मठात येणारे बहुतेक लोक मनातलं सोडून बाकी सगळं सांगतात.

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, दोघांच्या तपासण्या करा. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय?” शिवगोंडानं छाती जरा पुढं काढली. “आणि तिला औषधापासनं लांब ठेवा म्हणाल्या. ते मी कधीच केलंय. बागेच्या बांधावरसुद्धा फिरकू देत न्हाई तिला.”

द्राक्षाच्या पट्ट्यात फवारणीच्या विषाला सगळे औषधच म्हणतात. आप्पाही म्हणत.

“बाग कशी हाय यंदा?” त्यांनी विचारलं.

द्राक्षवाल्याला बागेविषयी विचारलं, की त्याचं दुःखसुद्धा दोन मिनिटं बाजूला उभं राहतं. शिवगोंडा खुलला. छाटणी वेळेवर झाली. कोवळी फूट आलीय, म्हणून रोज सकाळी फवारणी. ती मजुरावर सोडत नाही, स्वतः मारतो. त्याचा माल परदेशी जातो. घड तयार झाले की औषध बंद, मग थांबायचं, मणी तपासायला पाठवायचे. तपासणीत औषधाचा अंश उरला नाही असं कळल्याशिवाय कात्री लावायची नाही.

“तिकडच्या कुणा पोरानं माझा एक मणी तोंडात घातला, तर त्याला काही होता कामा नये, आप्पा. आजवर एक पेटी परत आली न्हाई.”

“आणि घरी काय खाता?”

“घरच्यासाठी विहिरीजवळ चार वेली वेगळ्या ठेवल्यात. त्यांना औषधाचा थेंब लागू देत न्हाई.”

“हुशार हायेस.”

हा टोमणा होता की कौतुक, ते त्याला कळलं नाही. त्यानं कौतुक धरलं.

“आता तेवढी विभूती द्या. महानंदाच्या पोटाला लावायला.”

“आधी दर्शन घेऊन ये.”

त्या मठाची एक रीत आहे. पुरुषानं गाभाऱ्यात उघड्या अंगानं जायचं, शर्ट पायरीवरच काढायचा. बाहेरचं आत न्यायचं नाही, एवढंच तिचं कारण सांगतात, आणि त्यावर कधी कुणी वाद घातलेला नाही.

शिवगोंडा फवारणी आटोपून बागेतून थेट आला होता. शर्ट घामानं ताठरला होता, खांद्यावर निळसर डाग होते. त्यानं तो खुंटीला अडकवला आणि तो आत गेला. एरवी देवासमोर त्याची मागण्यांची रांग असायची. आज एकच मागणं होतं, आणि त्यालाच जास्त वेळ लागला.

डोळे पुसून तो बाहेर आला. खुंटी रिकामी होती.

हौदाशेजारच्या धुण्याच्या दगडापाशी आप्पा बसले होते. शर्ट बादलीत भिजत होता. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात बादलीत घातले.

“आप्पा! हात घालू नका!”

शिवगोंडा पायऱ्यांवरून धावतच आला आणि त्यानं बादली ओढून घेतली. निम्मं पाणी त्याच्याच पायांवर सांडलं.

“मळलाय म्हणून धुतो म्हटलं,” आप्पा म्हणाले.

“मळ न्हाई तो! सकाळचं औषध हाय. कातडीतनं आत जातं ते. तुमचं वय काय, आणि उघड्या हातानं…”

“असं कोण म्हणतं?”

“डब्यावरच लिहिलेलं असतंय. कवटीचं चित्रसुद्धा असतंय.”

आप्पा मुकाट्यानं हात पुढे धरून बसले. शिवगोंडानं हौदातून तांब्या भरला. दगडावरचा साबण घेतला आणि म्हाताऱ्याचे हात कोपरापर्यंत चोळून चोळून धुतले. नखांच्या कडासुद्धा सोडल्या नाहीत. लहान पोराचे धुवावेत तसे.

हात अजून त्याच्या हातातच होते, तेव्हा आप्पांनी विचारलं,

“घरी कोण धुतं?”

“घरी मशीन हाय की, आप्पा.”

“त्यात धुता?”

“न्हाई… हे कपडे मशीनमध्ये घालत न्हाई.”

“का?”

“बाकीच्या कपड्यांना औषध लागंल म्हणून. मीच सांगितलंय तिला. हे वेगळे…”

तांब्या त्याच्या हातात तसाच राहिला.

“वेगळे?” आप्पांनी विचारलं.

“वेगळे… हातानं धूत जा म्हणून.”

“आत्तासुद्धा?”

“…कालसुद्धा धुतले.”

शिवगोंडा ओल्या दगडावर बसला. त्याला महानंदा दिसली. परसात, बांगड्या मागे सारून, बादलीवर ओणवी झालेली.

“वासानं मळमळतंय म्हणायची, आप्पा. मी म्हटलं, दिवस गेल्यावर मळमळायचंच…”

आप्पांनी त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला.

“म्हणजे मीच…? दोन्ही वेळेला…?”

“ते मला कसं कळंल? मी काय डॉक्टर हाय?” आप्पांनी त्याच्या उघड्या पाठीवर हात ठेवला. “त्या बाईंना जाऊन सगळं सांग. दोघं जा. तुझीही तपासणी करून घे.”

त्यानं मान हलवली. आता त्याला रडू आवरेना.

“तुझ्या ध्यानात आलं न्हाई, लेकरा.”

“कसं आलं न्हाई?” शिवगोंडा कळवळून म्हणाला. “तुमचा हात बघितल्याबरोबर आलं की!”

आप्पांनी पाठीवरचा हात काढला नाही.

शेवटी शिवगोंडा उठला. बादली हौदापासून लांब नेली. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि स्वतःचा शर्ट स्वतः धुवायला बसला. आयुष्यातली पहिलीच वेळ. फेस शर्टापेक्षा त्याच्या धोतरालाच जास्त लागला.

आप्पा हसले. रडता रडता तोही हसला.

ओला शर्ट पिशवीत बांधून तो ओसरीपाशी आला, तेव्हा आप्पांनी आपलं जुनं उपरणं त्याच्या खांद्यांवर टाकलं.

शिवगोंडानं विभूतीसाठी तळहात पसरला.

आप्पांनी त्यावर दगडावरचा साबण ठेवला.

तो साबणाकडे पाहत राहिला… मग त्यानं मूठ मिटली. विभूती पुन्हा मागितली नाही.

पायरी उतरता उतरता तो थांबला.

“महानंदाला दर्शनाला कधी घेऊन येऊ, आप्पा?”

आप्पांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं. तांदळातून नजर न काढता ते म्हणाले,

“तिला इथं कशाला आणतोस? गाभारा तुझ्या घरी हाय. शर्ट बाहेर काढून आत जात जा.”