चाळीस पावलांचा चिखल

एस्टोनियात तार्तू नावाचा परगणा आहे. मधोमध विद्यापीठाचे शहर, शहराच्या कुशीतून वाहणारी एमायोगी, म्हणजे आईनदी, आणि ती पूर्वेच्या मोठ्या सरोवराला मिळेपर्यंत दोन्ही काठांना कोसकोस दलदल. त्या दलदलीतून एक दगडी वाट सूकाल्दा गावासमोर, नदीच्या पलीकडच्या काठाकडे येते, आणि पाण्यापासून चाळीस पावलांवर अचानक संपते. पुढे नुसता चिखल. पाहुणे विचारतात, एवढी बांधली, मग चाळीस पावलांनी काय घोडं मारलं होतं? तेव्हा आजची होडी चालवणाऱ्या साल्मे आजी होडीच्या काठावर बसून सांगतात.

दोनशे वर्षांमागे या गावची माणसेसुद्धा जमीनदाराच्या मालकीची होती. ट्रीनू ही इथली नावाडीण. आईबाप साथीत गेले, तेव्हा धाकट्या हिंद्रिकला तिनेच वाढवले. पोरगा कमालीचा हुशार. देवळातले प्रवचन एकदा ऐकले की घरी येऊन शब्दन् शब्द म्हणून दाखवी. याला शहरात शिकवायचाच, असे ट्रीनूने मनाशी धरले. ती जमीनदारापुढे उभी राहिली.

जमीनदार हसला. म्हणाला, "माझी बग्गी दलदलीत रुतते. नदीपर्यंत दगडी वाट करून दे, भावाला मोकळा करतो."

त्याला वाटले, बाई परत जाईल. बाई दगड वेचायला गेली.

असे सांगतात की सात हिवाळे ती दगड ओढत होती. नदी गोठली की शेतातले धोंडे घसरगाडीवर घालायचे, बर्फावरून पलीकडे न्यायचे, दलदलीत बसवायचे. दोन बोटे थंडीने झडली. लग्नाचे वय निघून गेले. पाठीत जो बाक आला, तो आलाच. आठव्या वसंतात हिंद्रिक त्याच वाटेने कोरड्या पायांनी शहराला गेला. जाताना रडला म्हणे. "दर उन्हाळ्यात येईन, अक्का," असे म्हणाला.

बारा उन्हाळे गेले. तो आला नाही. शहरात शिकायचे ते साहेबलोकांच्या जर्मनमध्ये, मोठे व्हायचे तेही जर्मनमध्येच. हिंद्रिकचा हाइनरिख झाला, डॉक्टर झाला, मोठ्या घरचा जावई झाला.

तेराव्या उन्हाळ्यात एक बग्गी पलीकडच्या काठाला थांबली. डॉक्टरसाहेब जमीनदाराकडे मेजवानीला निघाले होते. ट्रीनूने होडी लावली. तो चढला, बायको चढली. ट्रीनू वल्हे मारता मारता त्याच्याकडे पाहत राहिली. बायकोने जर्मनमध्ये विचारले, "ही तुमच्या ओळखीची आहे का हो? सारखी बघतेय."

"छे," तो म्हणाला. "असेल इथली कुणी म्हातारी."

आयुष्यभर साहेबलोकांना पार नेऊन ट्रीनूला ती भाषा कळू लागली होती, हे त्याला माहीत नव्हते. ती चाळिशीची होती. तिने काठावर बाईंना हात देऊन उतरवले.

दुसऱ्या दिवशी ती पहार घेऊन पलीकडे गेली आणि नदीकडचा पहिला दगड उपटून पाण्यात टाकला.

जमीनदाराचा कारभारी धावत आला. "काय चालवलंयस हे?"

"लावले मी. काढतेही मीच," ती म्हणाली. "या वाटेने तो पुन्हा गावात कोरड्या पायांनी यायचा नाही."

तिला फटके बसले. पाठ बरी झाली की ती पुन्हा गेली. असे करत बर्फ पडेपर्यंत चाळीस पावले मोकळी झाली, आणि ती अंथरुणाला खिळली.

पाद्रीबाबांनी शहरात निरोप धाडला. हिंद्रिक पोचला तेव्हा तिला पुरून तीन दिवस झाले होते. दगड संपले तिथे तो उभा राहिला आणि होडीला जर्मनमध्ये हाक मारली. अलीकडे सारा गाव बसला होता. कुणी हलले नाही. मग त्याने आपल्या भाषेत हाक मारली. मग नुसतेच, "अक्का! ट्रीनूअक्का!" अंधार पडेपर्यंत तो ओरडत होता म्हणे. सकाळी माणसे गेली, तर चिखलात एक बूट रुतलेला होता. तो माघारी गेला की खाली गेला, कुणाला कळले नाही. शहरात त्याचे नाव पुन्हा ऐकू आले नाही.

गावाने नंतर कितीदा तरी दगड टाकून पाहिले. दलदल गिळते. आजही शहराला शिकायला जाणारी पोरे ती चाळीस पावले अनवाणी तुडवतात. आणि आजही पलीकडून हाक आली की इथला माणूस हातातला घास ठेवून उठतो, कोण आहे हे विचारत नाही.

"तो हाका मारत होता, त्या दिवशी वल्ही माझ्या खापरपणजोबांच्या हातात होती," साल्मे आजी म्हणतात, आणि होडी सोडतात.