वरच्या गावाचा बांध

एकदा एका वृद्ध आचार्यांनी असे काही केले, की त्यांचा सर्वांत आवडता शिष्यच त्यांच्यावर रुष्ट झाला.

आचार्य राहत ते बोरमाळ गाव एका ओढ्याच्या काठी होते. ओढा लहान, पण दोन राज्यांची हद्द ओलांडून येणारा. कोसभर वर, दुसऱ्या राजाच्या मुलखात, आंबेतळे नावाचे गाव होते आणि त्या गावाचा मोठा तलाव होता. त्यातून सुटलेले पाणी खाली बोरमाळच्या धाकट्या तळ्यात येई. दोन्ही गावांत पाण्यावरून पिढीजात वैर होते. तीन वर्षांपूर्वी हद्दीवर काठ्या चालल्या, तेव्हा शिष्याच्या, म्हणजे रेवणच्या, थोरल्या भावाचा उजवा हात मोडला. तो पुन्हा नीट सांधलाच नाही.

त्यातच पावसाची रीत बिघडली होती. महिना महिना आभाळ कोरडे राही आणि मग एका दिवसात महिन्याचा पाऊस कोसळे. म्हणून त्या वैशाखात बोरमाळकरांनी ठरवले, की आपल्या तळ्याचा बांध दोन हात उंच करायचा. घरटी एक माणूस निघाला. कुदळी, फावडी, टोपल्या जमल्या. काम कसे करायचे ते आचार्यांनी सांगायचे होते. त्यांना बांधकामाचे ज्ञान होते आणि गावात त्यांचा शब्द मोडला जात नसे.

आचार्य आले, जमलेल्या मंडळींकडे पाहिले आणि म्हणाले, “चला.” आणि बांधाकडे न वळता ते ओढ्याच्या काठाने वर चालू लागले. हद्दीचा दगड मागे पडला तशी माणसे कुजबुजू लागली. अर्धी तिथूनच परत फिरली. उरलेली पंधरा-वीस माणसे आंबेतळ्याच्या तलावापाशी पोहोचली, तेव्हा तिथली माणसे काठ्या घेऊन उभीच होती.

“पाणी चोरायला आलात?” एकाने विचारले.

“वैशाखात तलावात चोरण्याजोगे पाणी असते का, बाबा?” आचार्य म्हणाले. “तुमचा सांडवा बुजला आहे. तो मोकळा करायला आलो.”

तलावातले जादा पाणी सुखरूप बाहेर पडण्याची जी वाट, तो सांडवा. आंबेतळ्याचा सांडवा गाळाने आणि बाभळींनी पार भरून गेला होता. आचार्यांनी आणखी कोणाशी वाद घातला नाही. ते खाली उतरले आणि पहिली बाभळ तोडू लागले. सत्तरीचा म्हातारा घाम गाळतो आहे आणि आपण काठ्या धरून उभे आहोत, याची लाज वाटायला तिथल्या माणसांना फार वेळ लागला नाही.

एवढ्यात गर्दीतून एक उंच, काटक बाई पुढे आली. ती हौसाबाई. तिचे घराणे त्या तलावाचे पाटकरी. पाणी कधी, किती, कोणाच्या शेताला सोडायचे ते तिच्या हाती असे. ती आचार्यांना म्हणाली, “सांडव्याचं राहू द्या. इकडं या, खरं दुखणं दाखवते.”

तिने बांधाची मागची बाजू दाखवली. तिथे घुशींनी बिळे पोखरली होती आणि एका उंबराची मुळे थेट बांधाच्या पोटात शिरली होती. “तीन वर्षं सांगतेय,” ती म्हणाली. “पण दुष्काळानं निम्मं गाव बाहेर गेलंय. हात कुठून आणू?”

“हे घ्या,” आचार्य आपल्या माणसांकडे बोट दाखवून म्हणाले.

आठ दिवस बांधाचे आणि सांडव्याचे काम चालले. रेवण राबत होता, पण मनातून धुमसत होता. पाचव्या दिवशी त्याने टोपली आपटली. “आचार्य, माझ्या दादाचा हात ज्यांनी मोडला त्यांचा बांध मी भरतोय. आणि आपला तसाच पडलाय. पाऊस तोंडावर आलाय. हा कुठला न्याय?”

आचार्यांनी त्याला बांधाच्या माथ्यावर नेले. “खाली बघ. काय दिसते?”

दूरवर ओढ्याच्या वळणाशी बोरमाळची घरे दिसत होती. त्यातले आपले छप्पर रेवणने लगेच ओळखले.

“तुझ्या घराला दोन बांध आहेत,” आचार्य म्हणाले. “एक आपल्या तळ्याचा आणि एक हा. हा फुटला, तर आपला बांध दोन हात काय, दहा हात उंच केला तरी टिकणार नाही. हा दुसऱ्याच्या हद्दीत आहे, एवढ्यासाठी तू याला आपला म्हणत नाहीस. दादाचा हात मोडला, ते मी विसरलेलो नाही. पण या बांधाला त्याची शिक्षा दिलीस, तर ती दादालाच भोगावी लागेल.”

रेवणने टोपली उचलली. त्याचा राग गेला नव्हता. पण त्याने उरलेली बिळे स्वतः बुजवली. काम संपले तोवर पेरणीचे दिवस आले आणि बोरमाळचा बांध तसाच राहिला.

पावसाळा अर्धाअधिक कोरडा गेला. मग हस्त नक्षत्रात एका सकाळी आभाळ फाटल्यासारखा पाऊस सुरू झाला. दुपारपर्यंत समोरचा माणूस दिसेना. अशा वेळी आंबेतळ्याहून एक माणूस चिखलातून धडपडत बोरमाळमध्ये आला आणि रेवणच्याच ओट्यावर कोसळला.

“हौसाबाईनं धाडलंय,” तो धापा टाकत म्हणाला. “बांध धरून आहे. पण सांडवा काठोकाठ चाललाय. दोन घटकांत पाणी तुमच्या तळ्यात मावणार नाही. माळावर चढा!”

रेवणच्या भावाने त्याला ओळखले. हद्दीवर काठी उगारणारा हाच होता. भावाने डाव्या हाताने घरात बोट दाखवले. मग म्हणाला, “आमची आई चालू शकत नाही. माझ्या एका हातानं ती उचलली जाणार नाही.” त्या माणसाने म्हातारीला पाठीवर घेतले.

गाव माळावर चढले. रेवणचे शेत तळ्याच्या बांधालगतच होते. भाऊ ओरडला, “रेवण, पोती भर, आपल्या कोपऱ्याला लाव. अजून शेत वाचेल!”

रेवण पोत्यांकडे धावला आणि मध्येच थांबला. ओढा बोरमाळला संपत नव्हता. पुढे तिसऱ्या एका राज्यात, अगदी पात्रालगत, कुंभारांची वस्ती होती. त्यांच्याशी बोरमाळकरांचे कधी बोलणेही नव्हते. त्यांना कोणी सांगितले असेल?

“कुठं निघालास?” भावाने विचारले.

“खाली,” रेवण म्हणाला, आणि पावसात धावत सुटला.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर तो परतला. बोरमाळच्या बांधाचा एक कोपरा वाहून गेला होता आणि रेवणच्या शेताच्या जागी वाळू होती. आचार्य तिथेच उभे होते.

“वैशाखात आपला बांध उंच केला असता, तर हे शेत कदाचित वाचले असते,” ते म्हणाले. “हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.”

“कुंभारांची त्रेसष्ट माणसं आहेत, आचार्य,” रेवण म्हणाला. “मी मोजली. सगळी टेकडीवर होती.”

आचार्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढच्या वैशाखात तिन्ही गावांची माणसे आधी आंबेतळ्याला, मग बोरमाळला आणि शेवटी कुंभारांच्या वस्तीवर कामाला गेली. रेवणच्या शेतातली वाळू उपसायला पहिली टोपली हौसाबाईने उचलली.

आभाळ फाटेल तेव्हा फाटेल. त्याआधी आपल्या वर कोण राहते आणि खाली कोण राहते, हे आपल्याला ठाऊक असावे.