कड्याला न येणारी ओळ

फार पूर्वीची गोष्ट आहे. त्या काळच्या राजांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत. एका सकाळी एका आईला काहीतरी खटकलं. गोष्ट अगदी लहान होती. तिच्या मुलीनं एकही चूक न करता कविता म्हणून दाखवली, आणि मधेच एका ठिकाणी ती खोकली.

मुलीला खोकला झालेला नव्हता. आदल्या दिवशी कविता सांगताना आई नेमकी त्याच ठिकाणी खोकली होती.

आई दचकली. तशी ती कशानंही दचकायची. झाकण पडलं की ती दचकायची, मांजर आलं की दचकायची, मांजर गेलं तरी दचकायची. शेजारची म्हातारी चटया विणता विणता म्हणायची, "आमच्या गावात दोन टिटव्या. एक तळ्यावर, अन् एक ह्या घरात."

गाव तळ्याच्या काठी होतं. तळ्यात माणूस झाकला जाईल एवढी उंच लव्हाळी वाढायची. ती विळ्यानं कापायची, वाळवायची आणि त्यांच्या चटया विणायच्या, हाच गावाचा धंदा. तळ्याच्या पलीकडे काळा कडा उभा होता, भिंतीसारखा सरळ.

आई मात्र लग्न होऊन नगरातून आलेली. तिचे वडील राजवाड्यातल्या मुलांना काव्य शिकवायचे, आणि दाराआड बसून तीही शिकली होती. गावात शाळा नव्हती. नवरा चटया घेऊन बाजारोबाजार हिंडायचा. तेव्हा आईनं ठरवलं, आपल्या लेकीला, रुंजीला, आपणच घरी शिकवायचं. हिशेब येईल, विणकाम येईल, पण कविता नाही आली तर पोर मनातलं कुणाला सांगणार कसं? ह्याच एका काळजीनं तिला झोप लागत नसे.

रोज सकाळी ओट्यावर धडा चालायचा.

"म्हण. शुभ्र पिसांचा हंस विहरतो निळ्या जळाच्या पार."

"आई, आपल्या तळ्यात हंस कुठाय? पाणकोंबड्या आहेत."

"कवितेत पाणकोंबडी नसते."

"का नसते?"

"नसते म्हणजे नसते. म्हण."

सुरुवातीला रुंजी कुरकुरायची, पाय आपटायची, पाणी प्यायला म्हणून उठायची ती परत यायचीच नाही. एकदा तिनं हंसाच्या जागी पाणकोंबडी घालून पाहिली. आईनं "अगं बाई!" म्हणून असा काही छातीवर हात ठेवला की पोरगी पांढरीफटक पडली. त्या दिवसापासून ती शहाण्यासारखी म्हणू लागली. आई जशी म्हणेल तशी, थांबेल तिथं थांबून, श्वास घेईल तिथं श्वास घेऊन.

आणि आता हा खोकला.

"रुंजे, तू का खोकलीस?"

"तू खोकलीस म्हणून."

"पण तो काही कवितेत नव्हता."

रुंजी खाली बघत म्हणाली, "मला काय माहीत, काय कवितेत असतं नि काय नसतं. चुकलं की तू दचकतेस. म्हणून मी सगळंच म्हणते."

आई उठली. तिनं धडा थांबवला आणि म्हातारीच्या अंगणात जाऊन बसली.

"मावशी, पोरीला कविता आवडत नाही हो."

म्हातारीचे हात लव्हाळ्यात चालूच होते. "न आवडायला काय झालं? काल माझ्या सुनेनं तळ्याकडं तोंड करून विचारलं, कोण गं कोण लव्हाळ्यात? तर तुझी पोर काठावरनं वरडली, तुझी सासू, उभी पाण्यात! अख्खा काठ हसला. मी खरंच पाण्यात उभी होते."

"ती काय कविता झाली?" आई म्हणाली. पण तिलाही हसू आलं.

"झाली का नाही ते तू ठरव, तू शिकलेली. आमची आपली रीत. लव्हाळ्यात शिरलं की कोण कुठं आहे दिसत नाही. नुसतं नाव घेऊन हाक मारशील, तर तो कडा तेच नाव परत फेकतो. माणूस समजून चालत गेलं की पुढं खोल पाणी. म्हणून आम्ही अर्धी ओळ टाकतो. दुसरी अर्धी ज्याला जशी सुचेल तशी. यमक जुळलं की बास."

"मग कडा फसवत नाही?"

"कसा फसवंल?" म्हातारीनं चटई पालथी केली. "कड्याला पुढची ओळ येत नाही."

आईनं मान हलवली आणि घरी आली. ऐकलं सगळं, पण ते आपल्या धड्याशी कुठं जोडायचं ते तिला समजलं नाही.

मग थंडीतली एक सकाळ उजाडली. आई भांडी घेऊन काठावर गेली होती. रुंजीला तिनं ओट्यावर बसवून कविता म्हणायला सांगितलं होतं. एवढ्यात तळ्यावरून धुकं उठलं आणि दुधासारखं सगळीकडे पसरलं. हातातलं पातेलं दिसेना, घर दिसेना, आणि ओट्यावरून येणारा आवाजही थांबला.

आईनं कान दिला. काहीच नाही.

पाणकोंबडीचं घरटं बघायला गेली असेल! लव्हाळ्यात शिरली असेल! आईनं पातेलं टाकलं आणि ती सरळ लव्हाळ्यात घुसली.

(वाचणाऱ्यांनो, घाबरू नका. ह्या गोष्टीत कुणी बुडत नाही. मलाच बुडणाऱ्यांच्या गोष्टी सोसत नाहीत.)

"रुंजी!" तिनं हाक मारली.

"रुंजी!" समोरून आवाज आला.

ती तिकडे धावली. पाणी घोट्याला लागलं. "रुंजी, थांब तिथंच!"

"थांब तिथंच!" समोरचा आवाज म्हणाला.

पाणी गुडघ्याला आलं, मग मांडीला, आणि तेव्हा कुठे तिला म्हातारीचं बोलणं आठवलं. ती जागच्या जागी थांबली. मागं वळून पाहिलं तर मागंही धुकंच. आपण कुठून आलो, काठ कुठं, कडा कुठं, तिला काही कळेना.

अर्धी ओळ टाकायची. पण कुठली? भीतीनं डोकं रिकामं झालेलं. त्यात तो एक हंस तेवढा उरला होता. तिनं सगळा जोर लावून म्हटलं, "शुभ्र पिसांचा हंस विहरतो निळ्या जळाच्या पार!" आणि गारठ्यानं तिला खोकला आला.

धुक्यातून हंस परत आला. पिसं, जळ, पार, सगळं जसंच्या तसं. शेवटी कडा खोकलासुद्धा.

आई थिजली. हे तिनं आधी ऐकलं होतं. आपल्याच ओट्यावर.

काठावर लोक नव्हते असं नाही. पण रुंजीच्या नावानं रोजच हाका पडायच्या, आणि हंस तर गावाला पाठ झाला होता. ज्यांनी ऐकलं त्यांना वाटलं, चाललाय धडा.

आईच्या दातांवर दात वाजत होते. दुसऱ्यांच्या कविता तिला इतक्या येत होत्या, की महिनाभर म्हणत बसली तरी संपल्या नसत्या. स्वतःची ओळ तिनं आजवर एकही केली नव्हती. चुकली तर? वाईट झाली तर? वडिलांनी ऐकली असती तर? मग तिला वाटलं, वाईट तर वाईट. इथं ऐकायला कोण आहे? आणि कुणी असलं तर बरंच!

तिनं डोळे मिटले. ओळ आली ती हंसाच्याच चालीवर आली, कारण दुसरी चाल तिच्या जिभेला ठाऊक नव्हती. पण शब्द तिचे होते, थंडी तिची होती, भीती तर पुरती तिचीच होती.

"हात दिसेना, वाट दिसेना, पाणी झाले गार!"

"पाणी झाले गार," कडा म्हणाला.

मग शांतता. लव्हाळ्यावरून थेंब पडत होते. आई कान टवकारून उभी राहिली. अशी निवांत ती कित्येक दिवसांत उभी राहिली नव्हती. करण्यासारखं जे होतं ते करून झालं होतं.

आणि कड्याच्या उलट बाजूनं, तिच्या पाठीमागून, म्हातारीच्या अंगणाच्या दिशेनं एक बारीक, खणखणीत आवाज आला. तो कुठंही अडखळला नाही, आणि अजिबात खोकला नाही.

"पाणकोंबडी घाबरली गं, इकडे आहे दार!"

चाल हंसाची होती, मात्रेला मात्रा जुळलेली. पाणकोंबडी मात्र सर्वस्वी रुंजीची होती. आवाजात हसूही होतं.

आईनं छातीकडे हात नेला, आणि तो अर्ध्यातच थांबला. पाठीमागून असा अचानक आवाज आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती दचकली नाही. ती वळली आणि त्या ओळीच्या दिशेनं चालू लागली.

तात्पर्य: शिकवलेलं जसंच्या तसं परत आलं तर तो कडा समजावा; पुढची ओळ आली, तरच कुणीतरी शिकलं.